तांड्यातली बॅटरी

कॅम्पर व्हॅन घ्यायची, सामान टाकायचं आणि सुटायचं! स्वप्न झकास आहे. पण रात्री तीनला गाडीतला फ्रिज बंद पडतो, तेव्हा शाळेत शेवटच्या बाकावर झोपून काढलेला व्होल्ट-अ‍ॅम्पिअरचा धडा आठवावा लागतो. मला तो वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीच्या यात्रेत आठवावा लागला.

टूं... टूं... टूं...

आवाज कसला आहे हे कळायलाच मला दोन मिनिटं लागली. मोबाइल नव्हता. गाडीचा रिव्हर्स हॉर्नही नव्हता. मग लक्षात आलं, पंखा थांबलाय. अंगावर घामाची चिकट चादर. आणि सीटखालच्या फ्रिजवर एक लाल दिवा लुकलुकतोय. आतलं तापमान ९ अंश. बघता बघता १०.

रविवार, ६ एप्रिल २०२५. रामनवमीची पहाट, तीन वाजून दहा मिनिटं. फ्रिजमध्ये ताक होतं, दादाची कोल्ड कॉफी होती, आणि याडीचं इन्सुलिन होतं. याडी म्हणजे आमच्या गोरमाटीत आई. एक चालू बाटली आणि दोन सीलबंद. पुढचे दहा दिवस पोहरादेवी, माहूर आणि मग नातेवाइकांच्या तांड्यांवर जायचं ठरलेलं. सीलबंद इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि वाशिमचा पारा दुपारी चाळिशी ओलांडत होता. आजूबाजूला शेतात उभे असलेले शेकडो टेम्पो, ट्रॅक्टर, ट्रक. गाडी बाहेर काढायला जागा नाही. मेडिकल उघडायला अजून सहा तास.

आणि दादा म्हणतो काय, ‘‘अगं, काल तर बॅटरी फुल होती!’’

थोडं मागे जाते.

दोन बॅटऱ्यांचा संसार

दादाने ही कॅम्पर सेकंडहँड घेतली. तेरा सीटची मिनीबस, तिचीच आत बेड-ओटा-फ्रिज बसवून केलेली व्हॅन. कागदोपत्रीही ती कॅम्पर व्हॅनच आहे, हे आधीच सांगते. कारण आपल्याकडे गॅरेजवाल्याला पैसे देऊन कुठल्याही गाडीची कॅम्पर करून घेता येते, असा अनेकांचा समज आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचलात, तर हा समज लगेच दूर होईल. कॅम्परसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकच आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची. तिचं काम एका झटक्यात प्रचंड करंट देऊन इंजिन फिरवणं, आणि मग गप्प बसणं. दुसरी राहण्याची. ती पंखा, फ्रिज, दिवे, मोबाइल यांना तासन्‌तास थोडं थोडं देत राहते. पहिलीला शंभर मीटरची धावपटू म्हणा, दुसरीला वारीला निघालेली आजी. दोघींच्या आतल्या प्लेट्सही वेगळ्या असतात. इंजिनाच्या बॅटरीला रात्रभर पंखा चालवायला लावलंत तर सकाळी धक्कास्टार्ट, आणि असं वारंवार केलंत तर बॅटरीच जाते.

ही दुसरी बॅटरी भरते दोन वाटांनी. गाडी चालू असताना इंजिनावरचा ऑल्टरनेटर, आणि गाडी उभी असताना छतावरचं सोलर पॅनल. विकणाऱ्याने दादाला सांगितलं होतं, ‘‘सर, वर सूर्य, खाली इंजिन. तुम्हाला काय कमी आहे?’’

दादा भाळला. मी कॉमर्सवाली, मला हिशोब विचारायला हवा होता. विचारला नाही.

पुणे ते पोहरादेवी

शुक्रवारी पहाटे निघालो. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, मग समृद्धी महामार्ग. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि वाशिम जिल्हा अचानक नकाशावर आला. नाहीतर आम्ही ‘वाशिमचे’ म्हटलं की पुण्यातली मंडळी ‘वसईजवळ का?’ विचारायची. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या पोटातून आता मुंबई-नागपूर रस्ता जातो, आणि मालेगाव, शेलूबाजार, कारंजा इथे उतरता येतं.

शेलूबाजारला उतरून मंगरूळपीर, मानोरा करत आम्ही संध्याकाळी पोहरादेवीत पोचलो. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातल्या बंजाऱ्यांची ही काशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची, लांबूनच ओळखू येते. रामनवमीला मात्र संग्रहालय, रस्ता, शेत, सगळीकडे फक्त माणसं. महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र, कर्नाटक... राज्यं चार, पण बोली एकच. तेलंगणातून आलेल्या टेम्पोतल्या आजी आमच्या याडीशी पहिल्या मिनिटाला गप्पा मारायला लागल्या, तेही गोरमाटीत.

आम्ही आमची व्हॅन कौतुकाने उभी केली. शेजारच्या टेम्पोवाल्यांनी डोकावून पाहिलं आणि एकाने विचारलं, ‘‘यात झोपता? आम्हीपण यातच झोपतो.’’ खरंच की! ताडपत्री, सतरंज्या, चूल, पाण्याचा ड्रम. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख तुडवायचे, त्याला लदेणी म्हणत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पण गाडीतच घर मांडायची सवय काही गेली नाही. आम्ही पुण्यात ‘व्हॅन लाइफ’ म्हणतो, एवढंच.

दादाने कडुनिंबाची दाट सावली शोधून गाडी लावली. याडीला ऊन सोसत नाही. निर्णय बरोबर होता, आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

पासबुक

आता तो हिशोब, जो मी रविवारी पहाटे मोबाइलच्या टॉर्चमध्ये याडीच्या औषधाच्या पाकिटावर मांडला.

बॅटरी होती १०० अ‍ॅम्पिअर-अवरची, एजीएम जातीची. म्हणजे शिसं-आम्लवालीच, पण सीलबंद. १०० अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे तत्त्वतः ५ अ‍ॅम्पिअर वीस तास. आपल्या बँकेच्या भाषेत, शिल्लक शंभर. पण शिसाच्या बॅटरीत एक अट असते, जी विकणारा मोठ्याने वाचत नाही. निम्मीच शिल्लक काढा. वारंवार पन्नासच्या खाली गेलात तर तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे खर्चायला खरे ५०.

खर्च बघा. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालू असताना ४५-५० वॅट घेतो. पुण्याच्या डिसेंबरात तो दिवसातला बराच वेळ स्वस्थ बसतो. विदर्भाच्या एप्रिलमध्ये अर्ध्याहून जास्त वेळ धावतो. आमच्या फ्रिजचे चोवीस तासांत ४५ गेले. पंखा २५ वॅटचा, दहा तास, म्हणजे २०. माझा लॅपटॉप १०. (मार्चएंड संपला तरी ऑडिटवाले संपत नाहीत, शनिवारी दोन तास काम केलं.) दिवे-मोबाइल ५. एकूण ८०. खर्चायला ५० आणि रोजचा खर्च ८०!

मग जमा? छतावर एकच पॅनल, १०० वॅटचं. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण पाच तास ‘पूर्ण’ ऊन मिळतं असं धरतात. म्हणजे ५०० वॅट-अवर? नाही हो. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशाच्या सेलवर मोजलेले असतात. उन्हात तापलेल्या छतावर सेल पासष्टला जातो, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. चाळीस अंश वर म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. ज्या विदर्भात ऊन बदाबदा पडतं, तिथेच पॅनल थकतं. ही गंमत मला अजून पचत नाही.

त्यात आमचा सोलर कंट्रोलर स्वस्तातला, पीडब्ल्यूएम प्रकारचा. पॅनल १८ व्होल्टच्या आसपास उत्तम काम करतं. हा कंट्रोलर त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो आणि मधला फरक वाया. एमपीपीटी कंट्रोलर तोच फरक जास्तीच्या करंटमध्ये बदलून देतो. सगळं वजा जाता हातात ३०० वॅट-अवर. १२ ने भागा, २५ अ‍ॅम्पिअर-अवर. तेही लख्ख उन्हात.

आणि आम्ही कडुनिंबाखाली! पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका फांदीची सावली चार सेलवर पडली तरी ती सगळी ओळ अडते, पाण्याच्या नळीवर कुणी पाय द्यावा तशी. आम्ही शनिवारी दिवसभरात कमावले जेमतेम ८.

तर पासबुक असं. शुक्रवारी रात्री शिल्लक १००. (दिवसभर गाडी चालली होती, त्यामुळे दादाचं ‘फुल होती’ हे खरंच होतं.) रात्रीत ३० गेले, उरले ७०. शनिवारी दिवसा ४० खर्च, ८ जमा, उरले ३८. म्हणजे लाल रेघ आम्ही शनिवारी दुपारीच ओलांडली होती, थंडगार ताक पीत. रात्री तीनपर्यंत आणखी २८. उरले १०. व्होल्टेज ११ च्या आसपास घसरलं, फ्रिजने स्वतःहून हात वर केले. तो शहाणा निघाला. बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून असा कटऑफ त्यात असतोच.

इंजिन सुरू कर!

उजाडताच दादाने इंजिन सुरू केलं. ‘‘तासभर चालू ठेवू, भरेल.’’ मीटर १३.९ दाखवायला लागला. दादा खूश. फ्रिज सुरू झाला, मी खूश. शेजारच्या टेम्पोजवळ चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायका मात्र अजिबात खूश नव्हत्या. आमच्या डिझेलचा सगळा धूर त्यांच्या कढईवर जात होता. तेलंगणाच्या त्या आजी आल्या आणि याडीला म्हणाल्या, तुझ्या पोराला सांग, इथे देवाला नैवेद्य चाललाय. याडी दादाकडे वळली, ‘‘काय करून राहिला रे तू? बंद कर ते!’’

तासाभराने बंद केलं. मीटर १२.८. ‘‘बघ, भरली!’’ आणखी एका तासाने, फ्रिज चालू असताना, १२.१.

ही फसवणूक फार जणांची होते, म्हणून सांगते. चार्जिंग थांबल्यावर लगेच दिसणारा आकडा वरवरचा असतो. शिसाची बॅटरी विश्रांत अवस्थेत, म्हणजे काहीही न घेता-देता काही तास ठेवली, तर १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव समजा. इंजिन चालू असताना दिसणारे १३.९ हे ऑल्टरनेटरचे, बॅटरीचे नव्हेत. पाण्याची टाकी भरत असताना नळाची धार किती जोरात आहे हे बघून टाकी किती भरली हे कसं कळणार?

शिवाय उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, ऑल्टरनेटरही हळू फिरतो आणि पूर्ण ताकदीने देत नाही. त्याचा पंखाही त्याच वेगाने फिरतो, त्यामुळे तो लवकर तापतो. यात्रेत बॅटरी भरायला इंजिन रेंगाळत ठेवणं म्हणजे डिझेल जाळून धूर विकत घेणं.

मडकं

तोवर इन्सुलिनचं काय? तासभर इंजिन चालू होतं तेव्हा फ्रिज पुन्हा ७ अंशावर आला होता, पण आता तो कधीही बंद पडणार होता. मी म्हटलं, बर्फ आणू. याडी म्हणाली, ‘‘बर्फाला लागलं तर गोठते, मग फेकून द्या लागते.’’ अगदी बरोबर. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, उन्हात तापलेल्यासारखंच. मी हे नंतर तिच्या डॉक्टरांना विचारून खात्री केली. याडीला ते पंधरा वर्षांपासून पाठ आहे.

तिने तेलंगणाच्या आजींकडून दोन मडकी मागितली, एक मोठं आणि एक त्यात बसणारं. मधल्या जागेत ओली वाळू. आतल्या मडक्यात बाटल्या कोरड्या डब्यात घालून ठेवल्या, वर ओलं फडकं, आणि गाडीखाली सावलीत, वाऱ्यावर. ‘‘गावात लाइन जायची तेव्हा असंच ठेवो आम्ही.’’ कोरड्या हवेत पाण्याचं बाष्पीभवन झपाट्याने होतं आणि मडक्यातलं तापमान बरंच खाली येतं. मुंबईच्या दमट हवेत हे जमणार नाही, वऱ्हाडात जमतं. २ ते ८ अंश नाहीत मिळत. पण चालू बाटली तशीही महिनाभर सर्वसाधारण तापमानाला, पंचवीस-तीस अंशाच्या आत, ठेवता येते. (तुमच्या औषधाच्या पाकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा आणि डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.) सीलबंद दोन बाटल्यांवरही त्या दिवसापासून तारीख टाकली, म्हणजे त्यांचाही महिना सुरू. दर तासाला फडकं ओलं करायचं काम माझ्याकडे आलं. दर्शनाच्या रांगेतून मी तीनदा परत आले.

दुपारनंतर गर्दी फुटली तसे आम्ही निघालो.

मंगरूळपीरचा माणूस

रविवार असूनही मंगरूळपीरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने आमच्यासाठी शटर वर केलं. ट्रॅक्टर, जीप आणि फवारणीच्या पंपांच्या बॅटऱ्या हा त्याचा रोजचा धंदा. कॅम्पर त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. पण गाडी बघून हरखला-बिरखला नाही. इंजिन सुरू करायला लावलं, मल्टिमीटर घेतला, पुढच्या बॅटरीवर लावला. १४.२. मग मागच्या बॅटरीवर. १३.३.

‘‘ताई, नऊ दशांश व्होल्ट रस्त्यात सांडून राहिला.’’

क्लॅम्प मीटरने पाहिलं, वायरीतून ३० अ‍ॅम्पिअर जात होते. वायर ६ स्क्वेअर मिलिमीटरची. पुढून मागे पाच मीटर आणि परत यायला पाच. घरी येऊन मी तांब्याचा रोध घेऊन गणित केलं, ०.८६ व्होल्ट आलं. त्या माणसाने ते कागदाशिवाय सांगितलं होतं. २५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घेतली तर हीच गळती पाव व्होल्टच्या आत येते.

एका व्होल्टने काय बिघडतं? शिसाच्या बॅटरीला नीट भरायला १४.४ च्या आसपास लागतात. १३.३ वर ती भरते, पण कूर्मगतीने. समृद्धीवर दहा तास गेलात तर फरक जाणवत नाही, कारण बॅटरी भरत आली की करंट कमी होतो आणि वायरीतली गळतीही कमी होते. म्हणूनच शुक्रवारी ती फुल झाली. पण मानोरा ते मंगरूळपीर एवढ्याच फेऱ्या मारल्यात तर ती कायम अर्धपोटी राहते.

त्याने जाड वायर टाकली, दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज बसवला. आधी एकाच टोकाला होता! वायर दोन्हीकडून जिवंत असते. कुठे घासून बॉडीला टेकली तर ज्या टोकाला फ्यूज नाही, तिथली बॅटरी गाडी पेटवू शकते. हे ऐकून मला घाम फुटला तो एप्रिलचा नव्हता.

मग चहा पिताना त्याने रस्त्यापलीकडच्या शेतातला सोलर पंप दाखवला. ‘‘त्याले बॅटरीच नाही. ऊन हाय तवर पाणी, ऊन गेलं की बंद. शेतकऱ्याचं भागते, कारण पाणी टाकीत साचते. तुमचं काम रात्रीचं. तुम्हाले करंट साचवा लागते.’’ वाशिम जिल्ह्यात असे पंप आता जागोजागी दिसतात. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे बघून कधी हा विचार केला नव्हता.

सूर्य की इंजिन?

माहूर आणि पुढचे तांडे मजेत झाले, कारण रोज दोन-तीन तास गाडी चालत होती. पुण्याला परतल्यावर मात्र मी दादाच्या हातातून प्रकरण काढून घेतलं.

पहिला प्रश्न, सोलर की ऑल्टरनेटर? दोन्ही, आणि का ते सांगते. ऑल्टरनेटर पटकन खूप देतो, पण चाके फिरली तरच. सोलर थोडं देतं, पण आठ-दहा तास शांतपणे देत राहतं. शिसाच्या बॅटरीचा शेवटचा वीस टक्के भाग भरायला तासन्‌तास लागतात, घाई केली तरी ती घेत नाही. तासाभराच्या ड्राइव्हमध्ये तो कधीच भरत नाही. तो उरकायला सोलरसारखं दुसरं काही नाही. आणि अर्धवट भरलेली शिसाची बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या प्लेट्सवर सल्फेट धरतं, मग ती ‘जुनी’ होते. तुमचं फिरणं रोज नवं गाव असं असेल तर ऑल्टरनेटरवर जोर द्या. एकाच जागी तीन दिवस मुक्काम असेल तर पॅनल वाढवा. पावसाळ्यात जाणार असाल तर पॅनलवर फार विसंबू नका, जुलै-ऑगस्टच्या ढगांत उत्पादन पार खाली येतं.

आम्ही बॅटरी बदलली. २०० अ‍ॅम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट. यातले ८० टक्के, म्हणजे १६० वापरता येतात. आमच्या खर्चाने दोन दिवस, काहीही जमा न होता. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टाकायचा स्वस्त मार्गही अनेक जण सुचवतात. चालते, पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती बंद गाडीत बेडखाली ठेवू नये. बाहेर हवा जाणारी पेटी हवीच.

लिथियमचे नखरे वेगळे. ती समोर येईल तेवढा करंट गिळते. साध्या रिलेने थेट जोडली तर ऑल्टरनेटरला दम खाऊ देत नाही, तो तापून जळूही शकतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. आमचा ३० अ‍ॅम्पिअरचा आहे. ऑल्टरनेटरकडून मोजून घेतो आणि बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. दोन तास ड्राइव्ह म्हणजे जवळपास ६० जमा. काही नव्या बीएस-सिक्स गाड्यांत तर ‘स्मार्ट’ ऑल्टरनेटर असतो, इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथे साधा रिले उपयोगाचाच नाही, हा चार्जर लागतोच. आणि लिथियमलाही वऱ्हाडचं ऊन आवडत नाही. फार तापली तर आतलं सर्किट चार्जिंगच बंद करतं. म्हणून ती इंजिनापासून लांब, बेडखाली, हवा खेळती राहील अशी ठेवली.

छतावर २०० वॅटची दोन पॅनल्स आणि एमपीपीटी. ४०० वॅट, पाच तास, सगळी घट धरून ७० टक्के, म्हणजे १,४०० वॅट-अवर. साधारण ११० अ‍ॅम्पिअर-अवर. खर्च ८०. चला, एकदाचं पासबुक काळ्या शाईत आलं! एकूण खर्च एका बऱ्यापैकी आयफोनइतका. सगळं एकदम घ्यायचं नसेल तर आधी वायर आणि फ्यूज, मग पॅनल आणि कंट्रोलर, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पेटी मोठी आणतात, पगार तोच ठेवतात.

राहिला कडुनिंब. माणसं सावलीत हवीत आणि पॅनल उन्हात हवं. यावर दादाने काढलेला उपाय मला मान्य करावा लागला. गाडी सरळ उन्हात लावायची आणि बाजूला ताडपत्री ताणायची, टेम्पोवाल्यांसारखी. पॅनलखाली चार बोटं मोकळी जागा सोडली आहे. वारा जातो, पॅनल जरा थंड राहतं, आणि छतावर त्याचीच सावली पडते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे. त्यातला एखादा सुसज्ज पार्क गाठलात तर प्लग खुपसा आणि झोपा. पोहरादेवीच्या शेतात प्लग नसतो.

सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला असते. आम्ही पुन्हा गेलो. भर उन्हात गाडी लावली, ताडपत्री ताणली. फ्रिज ४ अंशावर. तरी याडीने येताना दोन मडकी आणलीच होती, आणि चालू बाटली त्यातच ठेवली. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी शेजारच्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा आला, ‘‘ताई, मोबाइल लावू का?’’ मग दुसरा. मग एक आजोबा, साधा बटणांचा फोन घेऊन. रात्री नऊला आमच्या ओट्यावर अकरा फोन होते आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. दादा मॉनिटर बघून ओरडला, ‘‘८८ टक्के!’’ याडीने विचारलं, ‘‘मंग आणखी चार लागतीन का?’’